प्रेमलालची खाज

रामपायलीच्या बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवणाऱ्या दुलीचंदची दाढ ऐन लग्नसराईत ठणकायला लागली. दाढ काढली तर वरातीत फुंकणार कोण? त्याने दाढेची गोळी घेतली, कणकण वाटली म्हणून तापाची घेतली, वर अंगदुखीची. पाकिटांवर नावं वेगळी, आत औषध एकच, पॅरासिटामॉल. हे त्याला ठाऊक नव्हतं. असं दोन दिवस चाललं. मग उलट्या सुरू झाल्या, तेव्हा बायको रुख्माबाई आणि मेव्हणा प्रेमलाल त्याला बालाघाटला दवाखान्यात घेऊन आले.

डॉक्टर मंजुषाबाईंनी रक्त तपासलं, गोळ्या अति झाल्याने विषबाधा झाल्याचं सांगितलं आणि लिव्हर वाचवणारा उतारा सलाईनमधून सुरू केला. थोड्याच वेळात दुलीचंद लालबुंद झाला, अंगभर गांधी उठल्या, आणि तो पलंगाच्या दांडीला पाठ घासू लागला.

"बाई, विष उतरून नाई राह्यलं, चढून राह्यलं!" रुख्माबाई ओरडली.

डॉक्टरांनी सलाईन थांबवली, खाजेचं इंजेक्शन दिलं. "घाबरू नका. रक्तात गोळीचं औषध जास्त असलं की या उताऱ्याची खाज कमी सुटते. तुम्ही उशिरा आलात, रक्तातलं औषध कमी झालं, म्हणून खाज जास्त. पण लिव्हरला धोका आहेच. उतारा द्यावाच लागेल, आता हळूहळू सोडू."

त्यांची पाठ वळताच प्रेमलालने खिशातून दुलीचंदच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. "भाऊजी, म्हणजे औषध कमी पडून राह्यलं. आखीन दोन गोळ्या घ्या, खाज बंद!"

दुलीचंदने हात पुढे केलाही. रुख्माबाईने पाकीट हिसकावलं. "मेल्यावर त अजिबात खाज सुटत नाई. तेच पाह्यजे का तुमाले?"

सलाईन मंद लागली, दुलीचंद शांत झाला. पण आता प्रेमलाल खाजवू लागला. आधी मान, मग पोटऱ्या.

"डॉक्टरबाई, मले काहून सुटून राह्यली?"

"तुम्ही काही खाल्लं का?"

"नाई. जिंदगीत एक गोळी नाई खाल्ली." बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. "बाई, माह्या रक्तात त औषध शून्य हाय. मंग सगळ्यात जास्त खाज मलेच!"

"पण तुम्हाला उतारा दिलाच नाही!"

"ये तो और खतरनाक है," प्रेमलाल म्हणाला आणि शेजारच्या रिकाम्या पलंगावर आडवा झाला.

डॉक्टरांनी तपासलं. अंगावर एकही गांध नव्हती. पण वारासिवनीहून भेटायला आलेल्या नातेवाइकांनी पाहिलं की दुलीचंद बसून चहा पितोय आणि प्रेमलाल कण्हतोय. ते सगळे प्रेमलालभोवती बसले, त्याला संत्री सोलून दिली. रुख्माबाईने समजावून पाहिलं, कोणी ऐकलं नाही.

पुढे दुलीचंदचं लिव्हर ठीक असल्याचा रिपोर्ट आला आणि त्याला सुट्टी मिळाली. प्रेमलाल मात्र उठेना. शेवटी डॉक्टरांनी त्याच्यासमोर बसून सांगितलं, "तुमच्यात कोणताही रोग सापडला नाही."

प्रेमलाल पांढराफटक पडला.

"एवढा मोठा दवाखाना," तो पुटपुटला, "अन् सापडलाच नाई?"

दुलीचंदने त्याला बखोटीला धरून ऑटोत बसवलं.