दोन कापांच्या मधलं

हुश्श! सुटलो एकदाचा. गेले दोन आठवडे माझ्या चाकात जीव नव्हता, म्हणून गप्प होतो. आता बोलतो.

मी मायक्रोटोम. नाव ऐकून दचकू नका, काम साधं आहे. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवून माझ्या तोंडाशी देतात. त्या वडीला इथे ब्लॉक म्हणतात. चाक फिरवलं की ब्लॉक पात्यावरून खाली येतो आणि एक काप निघतो. किती पातळ? तुमच्या एका केसाच्या जाडीत माझे वीस काप बसतील, उगाच फुशारकी मारत नाही. ते काप कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेच्या पट्टीवर उचलायचे, रंगवायचे. मग आमच्या डॉक्टर, मोठ्या मॅडम, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगतात की रोग आहे का, आणि असला तर कुठवर गेलाय.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते इथलं. खिडकीजवळचं टेबल, शेजारी पाण्याचं भांडं आणि चाकावर बाईंचा हात. बाई म्हणजे लॅबमधल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. एकोणीस वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या कुणाला हात लावू दिलेला नाही. "त्याच्या खोडी मलाच ठाऊक," म्हणतात. खोडी कसल्या डोंबलाच्या? थंडीत जरा अडतो, इतकंच.

तक्रार होती ती एकाच गोष्टीची. बाईंची थोरली बहीण, अक्का. ती बालवाडीत शिकवते. रोज मधल्या सुट्टीत तिचा फोन यायचा आणि बाई तो टेबलावर ठेवून काप काढत राहायच्या.

"छोटे, आज काय झालं ऐक. एका पोरीने माझ्याच चपला फळ्यामागे लपवल्या आणि मलाच म्हणते, टीचर, तुमचं लक्षच नसतं!"

"अक्का, पुरे. माझा काप फाटेल."

"फाटू दे! ऐक तरी!"

आणि खरंच फाटायचा. मी मनातल्या मनात चरफडायचो. या बाईची जीभ कधी दमत नाही का, असंही एकदा म्हटलं असेन. आता ते आठवलं की लाज वाटते.

तीन महिन्यांपूर्वी शेजारच्या खोलीत नवा पाहुणा आला, एक नवंकोरं यंत्र. त्याच्याबरोबर त्याला चालवणारे सरही आले. सरांनी पहिल्याच दिवशी बाईंना सगळं समजावलं. हा पाहुणा तुकडा कापतच नाही म्हणे. आधी तुकडा कसल्याकसल्या द्रावणांत दिवसेंदिवस भिजवायचा, की तो काचेसारखा आरपार दिसायला लागतो. रोगाच्या पेशींना चमकणारा रंग द्यायचा. मग बाजूने उजेडाचा एक पातळ पडदा आत सोडायचा, तेवढ्याच थराचा फोटो घ्यायचा आणि पडदा पुढे सरकवायचा. असे हजारो फोटो जोडले की अख्खा तुकडा आतून-बाहेरून बघता येतो.

"म्हणजे कापतो तोही, फक्त उजेडाने," बाई म्हणाल्या.

आपली रवानगी आता भंगारात, हे मी धरूनच चाललो. शिवाय एक गोष्ट मला आधीपासून खुपत होती. अख्ख्या ब्लॉकमधून मी काढणार चार-सहा काप. मधलं सगळं मेणात तसंच राहतं, त्याकडे कुणी बघत नाही. तिथे काय आहे हे मलाही कधी कळलेलं नाही.

अशात अक्काच्या जिभेच्या कडेला एक फोड आला. तो बरा होईना. तपासला तर नको तेच निघालं, कॅन्सर. ऑपरेशन झालं आणि दुपारचे फोन बंद पडले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बाटल्यांची रांग लागली होती. तीन इस्पितळांतून त्या येतात आणि त्यांच्यावर नावं नसतात, नुसते नंबर. बाटलीतला तुकडा ब्लॉकमध्ये जाण्याआधी त्याच्या बाहेरच्या अंगाला काळी शाई लावतात, म्हणजे सर्जनने कापलेली कड पुढे ओळखू येते. रोग शाईला टेकलेला दिसला तर समजायचं, थोडा माणसाच्या अंगात राहिलाय. शाई लावायचं काम बाईंचं. तुकडा आधी टिपकागदाने कोरडा करायचा आणि मग शाई लावायची, हा त्यांचा स्वतःचाच नियम. ओल्या तुकड्यावर शाई नको तिथे ओघळते.

त्या दिवशी इस्पितळात अक्काला भेटायची वेळ चार ते पाच होती. बाईंचा एक डोळा घड्याळावर. शेवटची बाटली उघडली, तुकडा काढला आणि न टिपताच शाई लावली. मी बघत होतो. पण माझं ऐकतं कोण?

चार दिवसांनी मोठ्या मॅडमनी बाईंना बोलावून समोर बसवलं.

"रिपोर्ट चांगला नाही. रोग शाईला टेकलाय. सर्जन म्हणतायत पुन्हा ऑपरेशन, बारा दिवसांनी. अर्धी जीभ काढावी लागेल." मग हळूच म्हणाल्या, "हा नंबर तुमच्या अक्काचा आहे."

बाईंनी नंबर पुन्हा पुन्हा वाचला.

"मॅडम, ही बाटली शेवटची होती. मी... मी तुकडा टिपला नव्हता. अक्काला भेटायला पळायचं होतं मला."

मॅडम रागावल्या नाहीत. "म्हणजे शाई एखाद्या चिरेतून आत उतरलेली असू शकते. मग ही कडच नव्हे."

"आणि खरी कडच असली तर?"

बाईंनी तोच ब्लॉक पुन्हा माझ्या तोंडाशी दिला. मी जीव तोडून आणखी बारा काप दिले. प्रत्येकात रोग आणि त्याला टेकलेली तीच काळी रेघ. कड की चीर, कापावरून काही कळेना. मला माझीच चीड आली.

तेव्हा सर म्हणाले, "ब्लॉकमध्ये उरलंय ते मला द्या. मेण काढून बघू. दहा दिवस लागतील."

बाईंनी माझ्या पकडीतून ब्लॉक सोडवला आणि दोन्ही हातांत धरून शेजारी नेला. ते दहा दिवस काही विचारू नका. बाई यायच्या, मला पुसायच्या आणि शेजारच्या दाराकडे बघायच्या. मॅडमनी विचारलं, "तुकडा टिपला नव्हता हे अक्काला सांगितलंत?"

"सांगितलं. टाक्यांमुळे बोलता येत नाही ना तिला. तिने वहीत लिहिलं, आधी नाक पूस."

दहाव्या दिवशी शेजारचं दार उघडं होतं. पडद्यावर अक्काचा तुकडा गोल फिरत होता. रोग हिरवा चमकत होता. सरांनी चित्र हळूहळू तिरकं केलं आणि काळी शाई नीट दिसली. तुकड्याच्या बाहेरून एक अरुंद, तिरपी चीर आत गेली होती. शाई तिच्यातून ओघळत थेट रोगापर्यंत पोचली होती. माझ्या कापांत त्या चिरेचं फक्त टोक येत होतं, तोंड कधी आलंच नाही.

"खरी कड ही इथे, लांब," मॅडम म्हणाल्या. "मधे सगळीकडे निरोगी मांस आहे. पण मला एक काप हवाय. बरोबर या जागेचा."

तुकडा पुन्हा मेणात बसला आणि माझ्याकडे आला. बाईंनी चाकाला हात घातला. मी म्हटलं, आज अडायचं नाही, थंडी असो नाहीतर काही. काप अख्खा निघाला. मॅडमनी बराच वेळ बघितला आणि मान वर केली.

"ऑपरेशन रद्द करायला सांगते मी."

बाईंनी माझ्या चाकावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडल्या. मलाही रडता आलं असतं तर रडलो असतो.

भंगारात मी गेलो नाही. अवघड तुकडा आला की शेजारचा जागा दाखवतो, मी काप देतो. त्याच्यावरचा माझा राग कधीच गेला. भिंतीवर बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय, "आधी टिपा, मग शाई." माझंही तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. कितीही घाई असू दे, तुकडा टिपून घ्या. तो कुणाचा आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

काल मधल्या सुट्टीत फोन वाजला. आवाज जरा जड होता, शब्द थोडे अडखळत होते.

"छोटे, त्या चपलांची गोष्ट अर्धीच राहिली होती बघ..."

बाईंनी फोन माझ्या अगदी जवळ ठेवला. अर्धा तास अक्का बोलत होती आणि बाई एकदाही पुरे म्हणाल्या नाहीत. माझा एक काप फाटला.

फाटू दे.