समाधीवरचं लॉन

माझ्या पोराला, रामप्रसादला, बापाच्या समाधीभोवती लॉन पाह्यजे व्हतं. म्हणलं, बाबा, हसनाबादच्या या काळ्या रानात तूर लाव, कपाशी लाव, गवत कशाला लावतोस? जन्म गेला आमचा गवत उपटण्यात! पण तो जालन्यात राहतो, गुत्तेदारी करतो, कंत्राटं घेतो. त्याला आईची अक्कल कशाला लागते? ग्रॅनाइट आणलं, लॉनच्या गाद्या आणून अंथरल्या, नळी जोडून दिली. पाणी द्यायला मी!

गवत हिरवंगार झालं खरं. पण माझे मालक गेल्यापासून त्यांचा कुत्रा मोत्या तिथंच पडून राह्यचा. भाकर तिथं, झोप तिथं. मंग मुतायला काय बदनापूरला जाईल? मुतला की तिथलं गवत जळायचं, ताटाएवढा पिवळा डाग पडायचा. रामप्रसाद रविवारी यायचा आन् डाग पाहून नुसता पेटायचा. वर्षश्राद्धाला त्याची मोठी मोठी माणसं येणार व्हती, फोटो निघणार व्हते.

त्यानं लाल पाण्याच्या बाटल्या भरून समाधीभोवती ठेवल्या. कुत्रं लाल पाण्याला भेतं म्हणे. मोत्यानं पहिल्याच दिवशी बाटलीवर तंगडी वर केली. मला हसू आलं, ते रामप्रसादला दिसलं. मंग बोरीच्या काट्याचं कुंपण झालं. मोत्या त्यातूनबी घुसला. "आई, एक दिवस औषधच घालतो याला!" पोरगं असं बोललं तव्हा मी मोत्याला जवळ ओढलं. मालकाच्या मागं माझ्याशी घरात बोलणारं दुसरं व्हतं कोण?

तवापासून मी पाण्याचा तांब्या घेऊन मोत्याच्या मागं फिरू लागले. तो मुतला की लगेच वरून पाणी ओतायचं. डाग बराबर कमी झाले. पण गुडघे म्हणत, बाई, आता पुरे.

श्राद्ध तोंडावर आलं तसा रामप्रसाद गोड बोलाय लागला. "मोत्याला जालन्याला नेतो. बंगल्यात मजेत राहील." मोत्या काही केल्या गाडीत चढंना. मीच त्याला "जा रे राजा" म्हणून उचलून आत ठेवलं. घर सुनं झालं, पण म्हणलं, चला, जीव तर वाचला.

श्राद्धाच्या दिवशी लॉनवर एक डाग नव्हता. पूजा झाली. महाराज म्हणले, "गाईचा घास झाला, कावळ्याचा झाला. आता कुत्र्याचा."

मी रामप्रसादला विचारलं, "मोत्याला आणलंस ना रे गाडीत?"

सून प्रियदर्शनी वाढता वाढता थांबली. "मोत्या? तो आमच्याकडं आलाच न्हाई, आई."

रामप्रसाद पाव्हण्यांना पानावर बसवू लागला. महाराज घाईनं म्हणले, "कोणतंबी कुत्रं चालतं."

"तुम्हाला चालत आसंल. मालकाला न्हाई चालायचं." मी घास उचलला, चपला घातल्या. "कुठं सोडलास? सांग. मी जाते."

"जाऊ नको, आई." त्यानं माझा हात धरला. "राजूरच्या पुढं उतरवला व्हता. तो गाडीमागं पळत आला. मागून ट्रक आल्ता."

अरे कसाया! तुझ्या बापाच्या हातचं खाल्लेलं कुत्रं ते! ओरडावंसं वाटलं, पण पाव्हणे पंगतीला बसले व्हते, सगळे माझ्याकडं बघत व्हते. रामप्रसादबी खाली मान घालून पानावर जाऊन बसला.

मी कुत्र्याचा घास त्याच्या पानात वाढला. त्यानं तो खाल्ला.