हुंड्यात आलेलं ऑडिट

जावईबापूंनी हुंडा घेतला नव्हता. सासरे बँकेचे चेअरमन. त्यांनी कौतुकाने जावयाच्या फर्मला फक्त बँकेचं ऑडिट दिलं. नात्यातला ऑडिटर कायद्याला चालत नाही, म्हणून सही भागीदाराची. तेवढ्याने कायदा खूश.

मंदीने शहरातले निम्मे धंदे आडवे झाले होते. बँकेची थकबाकी मात्र घटतच होती. जावयाला हे खटकलं. म्हणून त्या दिवशी तो कर्जदारांचे कारखाने बघायला निघाला. सासरे आग्रहाने सोबत आले.

पहिल्या कारखान्यात मशीन धडधडत होतं, एक टकलू कामगार ते पुसत होता.

"बघा! कुठेय मंदी?" सासरे म्हणाले.

दुसऱ्या कारखान्यातही तोच टकलू होता, निळ्या शर्टात. तिसऱ्यात टोपी घालून, धापा टाकत. भर मंदीत एकाच माणसाला तीन नोकऱ्या!

सासरे फोनवर बोलत बाहेर गेले. जावयाने टकलूला गाठलं.

"काका, हे काय चाललंय?"

"उरका साहेब, रिकामं मशीन तापतंय. सगळे कारखाने बंदच आहेत. आम्हाला आजच्यापुरतं बोलावलंय."

"आणि हे तुम्ही मला सांगताय?"

"घरचेच ना तुम्ही? चेअरमनसाहेब म्हणाले, जावयाला कसलं घाबरायचं!" मग तो हळूच म्हणाला, "काम सुटलं तेव्हाचे सगळे पैसे याच बँकेत ठेवलेत. मुलगी नको म्हणत होती. म्हटलं, शिकलेली माणसं तपासतात."

"हे बघूनसुद्धा?"

"हे तीन सोडा हो. बाकीचे चालू असतीलच की!"

संध्याकाळी जावयाने बायकोला सगळं सांगितलं. "सरळ ऑडिट सोडतो. उगाच तुझ्या बाबांशी वैर नको."

ती भाजी चिरत होती. "रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला येतायत. बाबांनीच शोधलंय स्थळ. मुलगा काय करतो, विचारलंस?"

"काय करतो?"

"ऑडिट."

जावयाने भागीदाराला फोन लावला. "ती कर्जं बुडीत दाखवायची. तुला जमत नसेल तर सांग, मी एकटा नियामकाकडे जातो."

त्याने फोन ठेवला.

"लिहायला बस तू," बायको म्हणाली. "रविवारच्या पाहुण्यांना मी तोंडी सांगते."