पुराची रेघ

पुराची पातळी दाखवणारा फलक कुठे बसवायचा, यावर गल्लीत दुमत नव्हतं. जुन्या पुराचं पाणी दाराच्या चौकटीवर चढलं होतं, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. मामा सांगत, शेजारचे शिंपीकाका सांगत, समोरच्या निवृत्त शिक्षिका बाई तर शपथेवर सांगत. काम आलं संग्रहालयात नोकरी करणाऱ्या भाचीकडे, आणि भिंत मामांच्याच घराची.

गवंड्याने खालच्या खोलीतला गिलावा उतरवला, तर आतल्या जुन्या चुन्यावर कमरेइतक्या उंचीला तपकिरी पट्टा निघाला. भाचीने खरवडून तपासायला पाठवला. नदीचाच गाळ. वरचा चुना कोरा. शिंपीकाकांच्या भिंतीवरही तसाच पट्टा. पातळी मोजायची पाण्याची नळी लावून पाहिली, तर दोन्ही एका पातळीत.

"मामा, पाणी कमरेइतकंच होतं."

"वेडी की काय तू? मी खिडकीतून पोहत बाहेर पडलो. ह्या शिंप्यानेच केसांना धरून ओढलं मला."

"डोक्यावरून पाणी होतं, पोरी," शिंपीकाका म्हणाले. "एवढी माणसं काय भांग पिऊन बसली होती?"

"तुम्ही लहान होतात का तेव्हा?"

"विशीत होतो," मामा म्हणाले. "उंची हीच."

मग तिने बाईंना एकटं गाठलं. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी तेव्हा माहेरी होते. पण सगळे सांगतात ना!"

भाचीला हसू आलं, पण मामा काही माहेरी नव्हते. ती ओळखीच्या अभियंत्याकडे गेली. तो म्हणाला, "पाणी मुक्काम करतं तिथे गाळाची रेघ उमटते. घटकाभर चढून उतरलं, तर खूण राहीलच असं नाही."

"म्हणजे ते खरं सांगतायत?"

"तसंही म्हणवत नाही. पाणी डोक्यावर चढलं असतं, तर वरचा चुना इतका कोरा राहिला नसता."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! भिंतीला खोटं पाडावं तर कशाच्या जोरावर? आणि मामांना खोटं म्हणायला जीभ रेटेना.

संध्याकाळी मामा स्वतःच भिंतीला टेकून उभे राहिले. गाळाचा पट्टा त्यांच्या कमरेच्या पट्ट्याशी आला. त्यांनी दोनदा खाली वाकून पाहिलं.

"मग मी कशात बुडत होतो गं?"

तिने गवंड्याला फलक परत न्यायला सांगितलं आणि भिंत उघडीच ठेवायला. मामा मात्र हात उंचावून, खिडकीशी पाणी कसं गरगरत होतं, ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.