वर्षाचा रकाना

भर दुपारी दोनला मसुऱ्याच्या त्या घरातून हाक आली, "आये, सात वाजले गो. दिवो लाय."

सुभद्राने हातातलं ताट खाली ठेवलं आणि देवापुढे दिवा लावला.

"सूर्याक दिसणा नाय काय गो?" पलीकडच्या परड्यातून शेजारची सावित्री हसली.

सारिका ओशाळली. ती सुभद्राची लेक, कणकवलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आज ती ही अवेळी येणारी हाक वेळेवर लावायला आली होती. आवाज तिच्या भावाचा, जितेंद्रचा होता. बोटीवर इंजिनिअर असलेला जितेंद्र सहा वर्षांपूर्वी समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला, तेव्हा सुभद्रा एवढंच म्हणाली होती, "पुतळो जळलो. माझो झील नाय."

शेवटच्या फेरीला निघण्याआधी त्याने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स घातलं. आई दिव्याची वेळ विसरते, म्हणून रोज सातला आपला आवाज वाजेल अशी सोय केली. तो गेल्यावर वर्षभर कॉम्प्युटर फडक्याखाली होता. सुभद्राने पुन्हा सुरू केला, तोवर घड्याळ सांभाळणारी आतली बॅटरी संपली होती. आता वीज गेली की यंत्राचं घड्याळ एक जानेवारीच्या मध्यरात्रीवर जाई. वीज आली की सुभद्रा बटण दाबी, स्क्रीन अडला की लाल टिकली चिकटवलेली कळ दाबी, आणि एकोणीस तासांनी मुलगा हाक मारी. दुपारी, पहाटे, केव्हाही.

सारिकाने नवी बॅटरी बसवली. आजची तारीख घातली, आठ मार्च. मग यंत्राने कधी काय करायचं त्याची यादी उघडली. दोन ओळी होत्या. पहिली रोजची, सातची. दुसरी नऊ मार्चची, सकाळी दहाची. तिने आवाज अगदी बारीक करून त्या ओळीचं रेकॉर्डिंग ऐकलं.

"आये, आज येतंय. सुंगटा करून ठेव."

त्या फेरीवरून तो नऊ मार्चला परतणार होता, आल्या आल्या त्याला कोलंबी हवी होती. यादीत मिनिट, तास, दिवस, महिना, वार लिहिता येतो. वर्षाला रकाना नसतो. मसुऱ्यात सलग सदुसष्ट दिवस वीज कधी टिकली नाही, म्हणून यंत्र जानेवारीतून नऊ मार्चपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. उद्या पोचणार होतं. मग पुढच्या वर्षीही.

ओळीआधी एक खूण टाकली की ती ओळ गप्प होते. सारिकाचं बोट त्या खुणेच्या कळीवर होतं.

"काय गो पुसतंस?" सुभद्रा मागे उभी होती.

सारिकाने सगळं सांगितलं.

"वर्षाक जागाच नाय?"

"नाय."

"म्हणजे दर वर्षी येतलो?"

"आवाज येतलो, आये. तो नाय."

"तां माका कळतां," सुभद्रा म्हणाली. "पयल्या दिवसापासून कळतां. तू बोट काढ."

सारिकाने बोट काढलं. संध्याकाळी हाक बरोबर सातला आली.

सकाळी सुभद्राने कोळणीकडून सुंगटं घेतली. सारिकाने कॉलेजात रजा कळवली, कारण सांगितलं नाही. दहा वाजले.

"आये, आज येतंय. सुंगटा करून ठेव."

"केलंय रे," चुलीपुढून सुभद्रा म्हणाली.

घड्याळ सारिकाने स्वतः लावलं होतं. ओळ स्वतः वाचली होती. तरी ती उठली आणि पुढच्या दाराची कडी काढून आली.