केदारखेड्यातली बेटं

साहेबराव जालन्याच्या एका केंद्र सरकारी कचेरीत कारकून होते, म्हणजे नावापुरतेच साहेब. चार वर्षांतून एकदा सरकार त्यांना बायकापोरांसह देशात कुठंही फिरून यायचं भाडं द्यायचं. चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर ते औरंगाबादच्या एका एजंटाकडून गुळगुळीत कागदाची घडी घेऊन आले. तिच्यावर लक्षद्वीपची बेटं होती, हिरवंनिळं पाणी होतं आणि शिडाच्या होडीत बसलेले आई, बाप नि लेक होते. अगदी आपल्याएवढंच घर, असं त्यांच्या बायकोच्या, सत्यशीलाच्या मनात आलं आणि ती हरखून गेली.

तिचं माहेर परतूर तालुक्यातली आष्टी. पाणी म्हणजे विहिरीचं, फार तर पुरात आलेली गोदावरी. समुद्र बघायची हौस तिला शाळेत भूगोलाचं पुस्तक हाती आल्यापासून होती. लग्नात काय हवं असं कुणी विचारलं असतं तर तिनं समुद्र मागितला असता, पण विचारतंय कोण?

“सांग बिनधास्त सगळ्यांना,” साहेबराव म्हणाले. खरं तर तिथंच तिला संशय यायला हवा होता. हा माणूस नवा सदरा आणला तरी शेजाऱ्यांपासून लपवायचा. पण हौसेपुढं अक्कल चालत नाही. तिनं गल्लीभर सांगितलं, दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. शेजारच्या बायनाबाईंनी ओटी भरली. आष्टीहून आई, आसराबाई, एसटीनं नारळ घेऊन आली.

“माझ्या नावानं सागराला वाहा बाय,” ती म्हणाली. “मला काय दिसतोय तो आता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका कोपऱ्यापर्यंत पोचवायला आल्या. पाच वर्षांची लेक ऊर्मिला दिसेल त्याला हात हलवत होती. रिक्षा रेल्वे स्टेशनकडे न वळता एसटी स्टॅण्डवर थांबली.

“अहो, ही तर भोकरदनची गाडी.”

“बस जल्दी. जागा जाईल.”

साहेबरावांच्या थोरल्या बहिणीला, झुंबरबाईंना, भेटून पुढं जायचं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. केदारखेड्याला उतरून झुंबरबाईंच्या ओट्यावर पाणी पिऊन झालं, तेव्हा साहेबरावांनी सांगून टाकलं. खोटी तिकिटं एजंट देतो, ती लावून सरकारकडून भाड्याचं बिल काढायचं. जायचं कुठंच नाही. सुट्टी संपेपर्यंत इथंच राहायचं.

“आर्धं हापिस असंच करून राह्यलंय,” ते म्हणाले. “पत्र्याच्या जागी स्लॅब पडतो आपल्या घरावर. पाण्यात काय बघायचं?”

“मंग मला गल्लीभर कशाला सांगाया लावलं?”

“चार लोकांनी जाताना बघायला नको का? उद्या कोणी चौकशी केली मंग?”

सत्यशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या क्षणी हाती लागेल ते नवऱ्याच्या डोक्यात घालावं असं तिला वाटलं. हाती नेमका आईचा नारळ होता, म्हणून तिनं तो खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी झुंबरबाईंनी तो फोडून चटणी केली. “नुसता पडून तर राह्यलाय,” म्हणाल्या.

झुंबरबाईंना तर घरबसल्या माणसं मिळाली होती. कापूस फुटला होता आणि वेचणीला बाया मिळत नव्हत्या. सत्यशीलानं चौदा दिवस उन्हात कापूस वेचला. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, मान भाजून काळी पडली. दुपारी बांधावर भाकरी खाताना साहेबराव तो गुळगुळीत कागद उघडायचे आणि मायलेकींची उजळणी घ्यायचे. बेटं किती? पाणी कसं? होडी हलते का?

“हलती,” ऊर्मिला म्हणायची.

“आई काय करती?”

“उलटी करती.”

“बराबर!” साहेबराव खूश व्हायचे.

परत आल्यावर गल्लीतल्या बायका जमल्या. “लई काळ्या पडल्या वो तुम्ही. ऊन असंल तिकडं,” बायनाबाई म्हणाल्या. सत्यशीला बोलायला लागली. आधी जीभ अडखळली, मग तिची तिलाच लाज वाटावी इतकी सुटली. पायाखाली दिसणारे मासे, वाऱ्यानं फुगलेलं शीड, पांढरीशुभ्र वाळू, सगळं तिनं सांगितलं. चार दिवसांनी आसराबाई आली. तिनं एवढंच विचारलं, “वाह्यला?”

“वाह्यला,” सत्यशीला म्हणाली. आईनं बसल्या जागी हात जोडले आणि मग आष्टीत जाऊन दारोदार सांगितलं की माझ्या लेकीनं सागराला नारळ वाहिला. आता मागं फिरायची सोय राहिली नाही.

नऊ वर्षं गेली. सत्यशीलाच्या धाकट्या भावाची, तातेरावची, मोसंबीची बाग चांगली लागली. त्यानं सगळ्या माहेराला फिरवून आणायचं ठरवलं आणि ठरवलं तेही लक्षद्वीप. आठ जणांची होडी सांगून ठेवली होती, माणसं सात भरली. एका रविवारी सत्यशीला नवऱ्याला नि ऊर्मिलेला घेऊन आष्टीला गेली होती.

“आक्काला घ्या की,” आसराबाई म्हणाली. “होडीत माझा हात धराया तीच बरी. तिला माहितीये.”

“माय, तिचं झालंय सगळं बघून,” तातेराव म्हणाला. “मी म्हणतो, माझ्या मेव्हणीला न्यावं. तिनं बिचारीनं काहीच बघितलं न्हाई.”

सत्यशीलानं नुसतं तोंड उघडायचं होतं. मी काहीच पाहिलं नाही रे, एवढं एक वाक्य. समोर आई अभिमानानं तिच्याकडं बघत होती. बाजूला साहेबराव पानाला चुना लावत होते, आणि तो हात थांबला होता. ते जुनं खोटं बिल उघडं पडलं तर नोकरी राहणार नव्हती.

“मेव्हणीलाच न्या,” ती म्हणाली. “मला सोसत न्हाई होडी. मागच्या टायमाला लई त्रास झाल्ता.”

साहेबरावांनी पान तोंडात टाकलं. ऊर्मिला आजीला बिलगून बसली आणि सांगायला लागली, की आजी, भ्यायचं न्हाई, शीड फडफडतं तेव्हा लांब बघायचं, जवळ न्हाई. मला आईनं मांडीवर घेतलं होतं.

संध्याकाळी जालन्याला घरी आल्यावर सत्यशीलाचा संताप लेकीवर निघाला. “आजीपुढं इतकं रंगवून सांगायची काय गरज होती? खोटं बोलायची काही हद्द असती का न्हाई?”

ऊर्मिला वळून म्हणाली, “खोटं काय त्यात? आपण गेल्तो ना?”

“केदारखेड्याला गेल्तो आपण. कापूस वेचायला.”

“ते वेगळ्या वर्षी. मला होडी चांगली आठवती आई. तुझं लुगडं भिजलं होतं. खाली पिवळे मासे होते, तूच दाखवले मला.” तिनं आईचा हात धरला. “गेल्तो ना आपण?”

साहेबराव पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पोरीचा चेहरा इतका उघडा होता, की सत्यशीलाला पुढं बोलवेना.

“गेल्तो,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. पोरीची कीव यायला हवी होती, पण तिला आला तो हेवा. तिच्या घरात एकीनं तरी समुद्र पाहिला होता.