रोजची विचारपूस

बायको, कौसल्या, गेल्यापासून नत्थूला अन्न गोड लागत नव्हतं. रामदासपेठेतल्या समुपदेशक बाईंनी भेटींच्या जोडीला एक एआय ॲप दिलं. ते रोज सकाळी मनाची चौकशी करणार आणि उत्तरं बाईंकडे जाणार. नत्थूचा फोन साधा, म्हणून ॲप मुलाच्या, विक्कीच्या फोनमध्ये गेलं.

दीड महिन्यानं बाईंनी आलेख दाखवला. "काका, झोप सुधारली, भूक सुधारली. आता महिन्यातून एकदाच या."

नत्थू चाट पडला. आज सकाळीही त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

बाहेर येताच त्यानं सोबत आलेल्या विक्कीला विचारलं, "हे कोनं सांगितलं गा?"

"मीच उत्तरं भरून राहिलो होतो, मिहानले कामावर जाताना बसमध्ये," विक्की म्हणाला. "तुम्हाले विचारलं असतं, तरी तुम्ही बरं हाय असंच म्हटलं असतं न, बाबा."

दीड महिना रोज कोणीतरी आपली विचारपूस करत होतं, मग ती मशीन का असेना, आणि पोरानं ती परस्पर वाटेतच उरकली होती.

गाडी सुरू करण्याआधी विक्कीनं फोन काढला. "आजचं राहूनच गेलं," म्हणाला, आणि बापाकडे न बघता त्यानं ॲपमधला हसरा चेहरा दाबला.